फुकटच्या कोडचं बिल

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे तिथं रोज जाणाऱ्या कित्येकांना पौडच्या तहसील कचेरीत काम निघेपर्यंत ठाऊक नसतं. दिवसा कंपनीसाठी कोड लिहायचा आणि रात्री घरी हौसेचा, तोही सगळ्यांना खुला, अशी मंडळी इथं पुष्कळ. त्या हौसेतून पैसे मिळतात का? मिळतात, पण कोडचे नाहीत.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट घ्या. हे ईआरपी, म्हणजे हिशेब, साठा, पगार असा धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. घरच्या फर्निचर व्यवसायात ईआरपी बसवताना हात पोळल्यावर रुशभ मेहता यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि 2008 मध्ये कंपनी काढली. ते जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही फुकट उतरवून घ्यावं. कंपनी पैसे घेते ते मुख्यतः सर्व्हर, बॅकअप आणि अपग्रेड सांभाळण्याचे.

आता समजा, हिंजवडीतल्या एकीनं त्याला जोडायचं छोटं अ‍ॅप लिहिलं: पगारातून महाराष्ट्राचा व्यवसाय कर कापणारं. हिशेब वरवर सोपा. महिना दहा हजारांवर पगार असेल तर 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300, म्हणजे वर्षाचे 2,500. कोडमध्ये ही एका ओळीची अट. मग एप्रिल 2023 पासून महिलांना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ झाला आणि अटीत अट आली. पिरंगुटच्या कारखान्यातल्या अकाउंटंटला त्या ओळींशी देणंघेणं नाही. नियम बदलला तर पगारपत्रक आपोआप बरोबर यावं आणि अडलं तर कुणीतरी फोन उचलावा, एवढंच त्याला हवं. तो पैसे देतो ते याचे.

म्हणून बिल लावायचं ते बसवून देण्याचं, जुन्या एक्सेलमधली माहिती आत घेण्याचं, शिकवण्याचं आणि वर्षाच्या एएमसीचं, म्हणजे देखभाल कराराचं. एएमसीत किती वेळात उत्तर देणार आणि कुठलं काम वेगळ्या पैशांचं, हे आधीच लिहून द्यावं. नाहीतर प्रिंटर बिघडला तरी फोन येतो. जीपीएल असलं तरी पैसे घ्यायला आडकाठी नाही. फक्त अ‍ॅप ज्याच्या हाती दिलं त्याला सोर्स कोडही द्यावा लागतो, आणि त्यानं तो शेजारच्या कारखान्याला दिला तर तुम्ही रोखू शकत नाही.

देणग्यांचं काय? खुला कोड जिथं ठेवतात त्या गिटहबवर 2019 पासून देणग्यांसाठी गिटहब स्पॉन्सर्स आहे, पण पिरंगुटचा अकाउंटंट गिटहबवर कशाला जाईल? प्रोग्रामरच रोज वापरतात अशा लायब्ररीला तिथं चार पैसे मिळतात. झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस/फंड जाहीर केला: वर्षाला दहा लाख डॉलर, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त एक लाख. अर्ज म्हणजे आपली गरज सांगणारी funding.json नावाची फाइल. पण हा निधी जगभर वापरात असलेल्या, जम बसलेल्या प्रकल्पांसाठी. नवख्यानं त्यावर घरखर्चाचं गणित मांडू नये.

पहिल्या बिलाआधी नेमणूकपत्र काढून वाचावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि कायद्याच्या लेखी कोड हाही मजकूरच. शिवाय काही कंपन्या नेमणूकपत्रात फावल्या वेळच्या कामावरही हक्क सांगतात. जे आपलं नाही त्याला खुला परवाना देणार कसा? तेव्हा लॅपटॉप स्वतःचा, वेळ स्वतःचा आणि परवानगी लेखी. 2022 मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करणाऱ्या 300 जणांना काढलं. त्याच वर्षी इन्फोसिसनं वरिष्ठांच्या संमतीनं बाहेरचं काम करायला मुभा दिली. चहाच्या टपरीवरचं ‘चालतं रे’ इथं कामाचं नाही.

कराचं थोडक्यात: अशा बिलांचं उत्पन्न पगारात मोडत नाही, त्यामुळे नोकरदाराचा साधा आयटीआर-1 चालत नाही. कारखान्यानं टीडीएस कापून पैसे दिले, तर त्याचा मेळ विवरणपत्र भरताना घालायचा. उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर अशा सेवेला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशातून पैसे आले तर बँक ते कशाचे म्हणून विचारते. तिथं ‘भेट’ न लिहिता सॉफ्टवेअर सेवेचा पर्पज कोड द्यावा आणि पैसे आल्याचा दाखला बिलाला टाचून ठेवावा.