ड्वार्फ बार्ड : एका पात्राची घडण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. संगीतातून जादू साधणारा बार्ड त्यात १९७६ मध्ये आला. मात्र १९७८ आणि १९८९ च्या नियमपुस्तकांनी तो मानव व अर्ध-एल्फ यांच्यापुरताच राखला. डोंगराच्या पोटात वस्ती करणाऱ्या ठेंगण्या, दणकट ड्वार्फला मुख्य नियमपुस्तकात बार्ड होण्याची मुभा २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली, तीही करिश्मा या गुणाच्या आकड्यातून दोन वजा करून. पुढे ही वजावट रद्द झाली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्र घडवताना १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे सहा गुणांत वाटता येतात. बार्डची जादू करिश्म्यावर चालते, म्हणून १५ तिथे जातात. काटकपणाला १४ दिले, की वंशाचे दोन मिळून ते १६ होतात. चपळाईला १३, शहाणपणाला १२, ताकदीला १० आणि बुद्धीला ८ उरतात. पर्वतीय ड्वार्फ या उपवंशाच्या ताकदीत आणखी दोनांची भर पडते.

करिश्मा १५ असल्याने त्याचा बोनस दोनच राहतो. त्यामुळे साथीदाराला स्फूर्तीचा सहा बाजूंचा फासा दिवसातून दोनदाच देता येतो आणि जादू टाळण्यासाठी शत्रूला फाशावर १२ पुरतात. वंशामुळे करिश्म्यात दोनांची वाढ मिळणाऱ्या बार्डकडे हेच आकडे तीन आणि १३ असतात.

या उणिवेची भरपाई अंगकाठी करते. पहिल्या पातळीवर त्याला ११ प्राणगुण, म्हणजे इजा सोसण्याचे गुण, मिळतात. विषाने होणारी इजा त्याला निम्मीच होते. पर्वतीय ड्वार्फला मध्यम चिलखतही वापरता येते; इतर बार्डांना सुरुवातीला हलक्यावरच भागवावे लागते. घाव बसल्यावर चालू मंत्र टिकवण्याचा फासा काटकपणावर पडतो, तिथेही तीनचा बोनस कामी येतो. म्हणून मागे उभे राहून वाजवण्यापेक्षा आघाडीवर राहणे त्याला मानवते. आपल्यालगतच्या शत्रूंना दूर फेकणारा ‘थंडरवेव्ह’ मंत्र त्याला शोभतो. जोडीला जखमी साथीदारासाठी ‘हीलिंग वर्ड’ असावा. तिसऱ्या पातळीवर ‘कॉलेज ऑफ व्हेलर’ निवडल्यास ढाल आणि सर्व युद्धशस्त्रेही हाती येतात.

पूर्वकथेलाही वंशाचा आधार मिळतो. ड्वार्फ सुमारे ३५० वर्षे जगतो, म्हणजे कुळाच्या कित्येक पिढ्यांचा इतिहास त्याच्या आठवणीत असतो. बार्डला येणाऱ्या तीन वाद्यांत ढोल आणि शिंग घेतले, तर बोगद्यात घुमणारा आवाज मिळतो. लोहार, गवंडी किंवा मद्य गाळणाऱ्याची अवजारे वापरण्याचे कौशल्य जन्मजात असल्यामुळे भट्टीवरच्या घणाची लय त्याच्या गाण्यात आणता येते.

२०२४ च्या नियमांनी गुणवाढ वंशाकडून पार्श्वभूमीकडे नेली. ‘एंटरटेनर’ पार्श्वभूमी घेतल्यास ड्वार्फचा करिश्मा १७ होतो आणि स्फूर्तीचे फासे तीन मिळतात. काटकपणा १४ वरच थांबतो. पण प्रत्येक पातळीला एक जादा प्राणगुण असल्यामुळे पहिल्या पातळीचा आकडा ११ च राहतो. मध्यम चिलखताची जन्मजात सवलत मात्र या आवृत्तीत उरलेली नाही.