जुना काँप्युटर, नवी विंडोज : भंगारात घालण्यापूर्वी



ऊस विकास अधिकाऱ्यानं काँप्युटरवर लिहावं, याचं काहींना नवल वाटेल. पण सात-बारा, ऊसनोंद, माती परीक्षणाचा अहवाल आता काँप्युटरवरच पाहावा लागतो, म्हणून चार शब्द.

आमच्या एका गट ऑफिसात 2011 सालचा काँप्युटर आहे. जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 चे अपडेट बंद झाले, तेव्हा त्यावर विंडोज 10 टाकली. लगेच अक्षरं ढबू, चित्र ताणलेलं, नकाशा सरकवला की अडखळायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात घाला." पण मशीन धडधाकट होतं. दोष होता ग्राफिक्स ड्रायव्हरचा.

हा ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर नव्हे, याला मुकादम म्हणा. शेतकी खात्याचा निरोप मुकादम टोळीला समजावतो, तसा हा छोटा प्रोग्राम विंडोजचा हुकूम चित्र काढणाऱ्या चिपला समजावतो. आमच्या चिपसाठी, म्हणजे इंटेल एचडी ग्राफिक्स 2000 साठी, इंटेलने विंडोज 10 चा ड्रायव्हर काढलाच नाही. मुकादम नसला की विंडोज स्वतःचा कामचलाऊ माणूस उभा करते.

ओळखायचं कसं? स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स पाहा. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेला नाही.

उपाय क्रमानं करावेत :

1. आधी सर्व नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

2. विंडोज अपडेटमधील ऑप्शनल अपडेट्स पाहा. आमचं काम इथंच झालं.

3. न मिळाल्यास काँप्युटर कंपनीच्याच साइटवर मॉडेल नंबरने शोधा. विंडोज 8.1 चा ड्रायव्हरही कधी कधी चालतो. फुकट ड्रायव्हर देणाऱ्या भलत्या साइटच्या नादी लागू नये.

4. नवा ड्रायव्हर घालून बिघाड वाढला, तर त्याच यादीत प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. पडदा काळा पडत असेल, तर हेच सेफ मोडमध्ये करावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधारही संपला, आणि एवढ्या जुन्या मशीनला विंडोज 11 मान्य नाही. अशा मशीनवर लिनक्स वापरून पाहावी. इंटेलच्या जुन्या चिपचा ड्रायव्हर तिच्यात आधीच असतो, आणि पेनड्राइव्हवरून चालवून खात्री करता येते.

उगवण विरळ दिसली म्हणून आपण लगेच नांगर घालत नाही. आधी नांग्या भरतो. इथंही तसंच करावं.

आपला,
ऊस विकास अधिकारी