तेल दुधाळ का झालं? स्टर्नड्राइव्हच्या बिघाडाबद्दलचे गैरसमज

खडकाला लागून पंख्याचं एक पातं वाकलं, की बोटीचा मालक घाबरतो. गिअर ऑईल जरा पांढुरकं दिसलं, तर मात्र ‘बदलून टाकू’ म्हणून मोकळा होतो. भीतीची ही वाटणी नेमकी उलटी आहे. वाकलेला पंखा काढून दुसरा बसवता येतो. पाणी मिसळलेल्या तेलात फिरणारे गिअर आणि बेअरिंग मात्र आतल्या आत गंजत राहतात, आणि कळतं तेव्हा अख्खा ड्राइव्ह उघडावा लागतो.

स्टर्नड्राइव्हची रचनाच अशी आहे, की त्याचं खरं दुखणं बाहेरून दिसत नाही. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला म्हणजे ट्रान्समला लागून असतं. त्या भिंतीतल्या भोकातून शक्ती बाहेर येते आणि बाहेर लटकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या घरात दोनदा काटकोनात वळते: आडव्या दांड्यावरून उभ्यावर, उभ्यावरून पुन्हा पंख्याच्या आडव्या दांड्यावर. वेगळं सुकाणू नसतंच. अख्खा ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो आणि वर-खालीही होतो. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटाने १९५९ साली न्यू यॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘अॅक्वामॅटिक’ या नावाने हा ड्राइव्ह लोकांसमोर आणला. त्यामागे जिम विन या अमेरिकन अभियंत्याची कल्पना होती. पाठोपाठ अमेरिकेत मर्क्युरीचा ‘मरक्रूझर’ आला, आणि आज जगभर मुख्यतः हीच दोन नावं भेटतात.

कोकणातल्या मासेमारीच्या ट्रॉलरला सरळ शाफ्टचं इनबोर्ड इंजिन असतं, पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या बोटींवर बहुधा आउटबोर्ड. स्टर्नड्राइव्ह दिसतो तो मुंबई-मांडव्याच्या किंवा गोव्याच्या बाजूला, खासगी स्पीडबोटींवर. तो मेकॅनिकच्या हाताखालून कमी वेळा जातो, आणि त्याच्याबद्दलच्या समजुती शेजारच्या दोन प्रकारांवरून उचललेल्या असतात. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात महाग पडणारा समज: तेल दुधाळ झालं, तेल बदललं, काम झालं. दुधाळ तेल हे लक्षण आहे. पाणी कुठून तरी आत आलं, आणि ती वाट नवं तेल भरल्यानेही उघडीच राहते. उलट चांगलं दिसणारं तेल पुढचे काही आठवडे मालकाला गाफील ठेवतं.

ही वाट शोधण्याआधी ते खरंच पाणी आहे का, हे ठरवायला हवं. नुकत्याच चालवलेल्या ड्राइव्हमधलं तेल हवेच्या बुडबुड्यांनीही फिकट दिसतं. थोडं तेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवावं. फेस असेल तर सकाळी तेल नितळ होतं. पाणी घोटलं गेलं असेल तर ते दुधाळच राहतं. बोट काही दिवस उभी असेल तर आणखी सोपी खूण मिळते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, आणि खालचा ड्रेन स्क्रू हलकेच सैल केला की तेलाच्या आधी तेच टपकतं. बऱ्याच ड्राइव्हमध्ये या स्क्रूला लोहचुंबक असतं. त्यावर करडा, बारीक लेप दिसला तर काळजी नको. ती नेहमीची झीज असते. बोटांना टोचणारे तुकडे किंवा चकचकीत कपच्या दिसल्या, तर एखादा गिअर किंवा बेअरिंग सुटायला लागलं आहे, आणि बोट पुन्हा पाण्यात नेण्याचा विचार तिथेच सोडावा.

पाण्याची वाट शोधायची ती दाबाने. तेल पूर्ण काढायचं, भरण्याच्या भोकाला मापक लावलेला हातपंप जोडायचा आणि हवा भरायची. आधी अगदी कमी दाब, ३ ते ५ पीएसआय, कारण काही सील जोरात दाबल्यावर तात्पुरते घट्ट बसतात आणि गळती लपवतात. मग त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. काटा खाली येतो का ते पाहायचं, दांडे हाताने फिरवायचे, सांध्यांवर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधायचे. एवढ्यावर अनेक जण थांबतात, पण उलटी चाचणीही तितकीच गरजेची आहे: आतली हवा खेचून निर्वात तयार करायचा. ऑईल सीलच्या ओठाला दिशा असते. आतून बाहेर जाणारी हवा अडवणारा सील बाहेरून आत येणारं पाणी सोडू शकतो, आणि समुद्रात पाणी बाहेरूनच येतं. गळती आहे पण जागा सापडत नाही, तेव्हा वरचा आणि खालचा भाग सुटा करून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

दोषी बऱ्याचदा क्षुल्लक वस्तू निघते. ड्रेन आणि व्हेंट स्क्रूखालचे वॉशर प्रत्येक तेलबदलाला नवे घालायचे असतात. जुनेच पुन्हा घट्ट पिळले, की तिथून पाणी शिरतं. दुसरा नेहमीचा दोषी म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. ती पंख्यामागे दांड्याला गुंडाळली जाते, घर्षणाने तापते, वितळते आणि सीलचा ओठ कापते. पंखा काढल्याशिवाय ती दिसतच नाही. १९८२ साली व्होल्व्हो पेंटाने आणलेल्या ‘ड्युओप्रॉप’सारख्या, एकाच अक्षावर उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांच्या ड्राइव्हमध्ये तर एकात एक बसलेले दोन दांडे असतात, त्यामुळे सीलही जास्त. सील बदलताना दांड्यावर नख फिरवून पाहावं. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवा सीलही गळणार. अशा वेळी दांडाच बदलावा किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी लागते.

आता भात्याकडे. ट्रान्सममधल्या भोकातून बाहेर येणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटभोवती रबराचं घड्यांचं आवरण असतं. लोहाराच्या भात्यासारखं ते आकसतं-पसरतं, म्हणूनच ड्राइव्ह वळू शकतो. हे भोक पाण्याच्या पातळीखाली आहे, ही गोष्ट अनेक मालकांच्या ध्यानात नसते. ‘रबर फाटलं तर थोडं ग्रीस जाईल’ असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाणी आधी जॉइंट आणि तिथे दांड्याला आधार देणारं गिंबल बेअरिंग गंजवतं, आणि तिथला सील गेला की बोटीच्या तळात भरू लागतं. धक्क्याला बांधलेली, कोणी न चालवलेली बोट रातोरात बुडू शकते ती अशी. तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप चालू असला तरी तो बॅटरी टिकेपर्यंतच.

ड्राइव्ह वापरात नसताना वर उचलून ठेवावा, ही सवय आउटबोर्डवरून आली आहे. आउटबोर्ड उचलला की पाण्याबाहेर येतो. स्टर्नड्राइव्ह पूर्ण बाहेर येत नाही; नुसता तिरका होतो. भाता ताणलेल्या स्थितीत दिवसच्या दिवस राहतो, घड्यांना चिरा पडतात. धातूऐवजी स्वतः झिजणारे खालचे अॅनोड हवेत आणि वरचं अॅल्युमिनियम पाण्यात, अशी उलटी अवस्थाही होऊ शकते. म्हणून पाण्यात उभ्या बोटीचा ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवणं योग्य. ओहोटीला जिथे ड्राइव्ह चिखलात रुततो अशी खाडी असेल, तर बोट बांधायची जागाच बदलायला हवी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी जवळपास ५ मीटरपर्यंत चढतं, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही.

भाता तपासायचा तो ड्राइव्ह पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून आणि वर उचलून, टॉर्चच्या उजेडात, घडी न् घडी उघडून. उष्ण समुद्रात बार्नॅकल घड्यांमध्ये घर करतात आणि ड्राइव्ह हलला की त्यांच्या कडा रबर कापतात. वरून काळाकुळकुळीत, धडधाकट दिसणारा भाताही साधारण ३ ते ५ वर्षांनी बदलावा. भाता बदलायला ड्राइव्ह उतरवलाच आहे तर गिंबल बेअरिंग हाताने फिरवून पाहावं. खरखर लागली तर त्याच वेळी नवं घालावं, आणि इंजिन ड्राइव्हच्या रेषेत आहे का ते अलाइनमेंट बारने तपासावं. हे शेवटचं काम वेळ वाचवण्यासाठी गाळलं जातं, आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत ओरडू लागतं.

आवाजावरूनही बरंच कळतं. वळताना घरघर वाढत असेल तर गिंबल बेअरिंगवर संशय घ्यावा. टकटक असेल तर युनिव्हर्सल जॉइंटवर. ‘न्यूट्रलमध्येही आवाज येतो, म्हणजे बिघाड इंजिनात आहे’ हा तर्क इथे चालत नाही, कारण इंजिन सुरू असेपर्यंत आत येणारा दांडा न्यूट्रलमध्येही फिरतच असतो.

इंजिन गुरगुरतं, आरपीएम चढतात, बोट मात्र पळत नाही. लगेच निदान होतं: गिअर गेले. खरं कारण अनेकदा पंख्याच्या आतल्या रबरी हबमध्ये असतं. आघात गिअरपर्यंत पोहोचू नये म्हणून हा हब घसरेल असाच बनवलेला असतो. एकदा घसरला की जोर लावल्यावर पुन्हा पुन्हा घसरतो. आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी, बोट चालवून आणावी आणि रेघ पाहावी. ती तुटली असेल तर हब बदलून काम भागतं. ती जुळलेली असेल, तर आत इंजिनाला जोडणारा कपलर पाहावा. तो जात असेल तर फ्लायव्हीलच्या घरात रबराची काळी भुकटी आणि जळका वास सापडतो. रंगाच्या एका रेघेमुळे गिअरबॉक्स विनाकारण उघडणं टळू शकतं, आणि तरीही ही चाचणी फार थोडे जण करतात.

खडकाला आपटल्यानंतर नजर जाते ती तुटलेल्या खालच्या पंखाकडे, स्केगकडे. त्याची दुरुस्ती खरं तर सोपी आहे. तुकडा टिग वेल्डिंगने जोडता येतो. फक्त उष्णतेने जवळचे सील भाजत नाहीत ना, एवढं सांभाळायचं. पाहायचा असतो तो पंख्याचा दांडा. पंखा काढावा, ड्राइव्ह न्यूट्रलमध्ये ठेवावा, दांड्याच्या टोकाजवळ स्थिर टोकदार खूण धरावी आणि दांडा हळूहळू फिरवावा. टोक जवळ-लांब होताना दिसलं तर दांडा वाकला आहे. तो तसाच फिरवत राहिलं की सील टिकत नाही आणि गोष्ट पुन्हा दुधाळ तेलावर येते.

अॅनोडच्या बाबतीत ‘झिंक लावलं की झालं’ हा समज इतका पक्का आहे, की दुकानात सगळ्याच अॅनोडना झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात झिंक चालतं. मचूळ पाण्यात, म्हणजे बाल्टिक समुद्रात किंवा पावसाळ्यातल्या आपल्या खाड्यांत, अॅल्युमिनियमचा अॅनोड बरा, आणि तो खाऱ्या पाण्यातही काम करतो. मॅग्नेशियम अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या गोड्या पाण्यासाठी. समुद्रात ते झपाट्याने संपतं आणि अतिसंरक्षणाने ड्राइव्हचा रंग फुगवतं. संदर्भ इलेक्ट्रोड लावून मोजलं तर अॅल्युमिनियमच्या ड्राइव्हचा विभव साधारण उणे ९५० ते उणे ११०० मिलिव्होल्ट या टप्प्यात हवा. अॅनोड निम्मा झिजला की बदलायचा, आणि त्यावर रंग कधीच मारायचा नाही. तळाला मारतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंग ड्राइव्हवर मारणं त्याहून घातक, कारण तांबं जवळ आलं की बळी जातो तो अॅल्युमिनियमचा.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि खवळलेल्या समुद्रामुळे स्पीडबोटीही किनाऱ्यावर ओढल्या जातात. ड्राइव्हचं काम करायला हाच काळ चांगला. पण जमिनीवर इंजिन ‘जरा सुरू करून’ पाहणाऱ्यांनी थांबावं: थंड पाणी खेचणाऱ्या पंपातल्या इम्पेलरला पाणीच वंगण म्हणून लागतं, आणि कोरडा फिरला तर मिनिटभरातही त्याची पाती जातात. तुटलेले तुकडे पुढे वाहून थंड पाण्याच्या वाटेत अडकतात, तेव्हा नवा इम्पेलर घालताना जुन्याचं एकूण एक पातं मोजून शोधावं लागतं.

तेल भरायचं ते खालून. वरून ओतलं तर आत हवा कोंडते, पातळी भरलेली दिसते आणि वरचे गिअर कोरडे राहतात. खालच्या भोकाला पंप जोडून वरच्या व्हेंटमधून बुडबुड्याशिवाय तेल येईपर्यंत भरावं, मग आधी वरचा स्क्रू लावावा आणि त्यानंतर पंप काढून खालचा, दोन्हीखाली नवे वॉशर घालून. तासभर थांबून पातळी पुन्हा पाहावी, लागेल तेवढी भर घालावी. पाण्यातल्या पहिल्या फेरीनंतर बोट रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी खालचा स्क्रू सैल करून पहिला थेंब पाहावा. तो स्वच्छ तेलाचा असेल तरच दुरुस्तीचे पैसे चुकते करावेत.