वारसांच्या रांगेतला खुनी

हडसन नदीकाठच्या प्रचंड वाड्यात सायरस वेस्ट नावाचा गडगंज म्हातारा मरतो. मरताना सांगून जातो, माझं मृत्युपत्र वीस वर्षांनी, मध्यरात्री उघडायचं. १९२७ साली आलेल्या ‘द कॅट अँड द कॅनरी’ या मूकपटाची ही सुरुवात. पैशावर डोळा ठेवून ज्यांनी त्याला जगणं नकोसं केलं, त्या नातेवाइकांना तो मेल्यावरही वीस वर्षं ताटकळत ठेवतो. ठरलेल्या रात्री सगळे जमतात, वकील क्रॉस्बी लिफाफा फोडतो. वेस्ट हे आडनाव लावणाऱ्यांत नात्याने जी सर्वांत दूरची, त्या ॲनाबेल या तरुणीला सगळी इस्टेट मिळते. अट एकच. डॉक्टरने तपासून ती शहाणी असल्याचं सांगायला हवं. नाहीतर दुसऱ्या लिफाफ्यातलं नाव वारस ठरेल.

या अटीपाशी जरा थांबू या, कारण पुढचा अख्खा चित्रपट तिच्यातूनच उगवतो. दुसऱ्या लिफाफ्यात ज्याचं नाव आहे, त्याला ॲनाबेलचा जीव घ्यायची गरजच नाही. एका रात्रीत ती वेडी ठरली की काम झालं. म्हणून तर ती झोपलेली असताना भिंतीतून एक हात बाहेर येतो आणि तिच्या गळ्यातला हार ओढून नेतो. म्हणून तर तिला प्रेत दिसतं आणि इतरांना दाखवायला जावं तर ते नाहीसं झालेलं असतं. वरवर पाहता ही भुताटकी. पण प्रत्येक किंकाळीचं कारण त्या कागदावर लिहून ठेवलेलं आहे. खून कुणाचा करायचा एवढंच मृत्युपत्र सांगत नाही, गुन्हा कोणत्या पद्धतीने करायचा हेही तेच ठरवतं! जॉन विलर्डने १९२२ साली हे नाटक म्हणून लिहिलं. त्यावर चित्रपट केला पॉल लेनी या जर्मनीहून आलेल्या दिग्दर्शकाने. तो मुळात नेपथ्यकार, त्यामुळे वाड्याच्या सावल्याही संशयितांसारख्या वावरतात.

वारसाहक्काच्या जुन्या वळणाच्या रहस्यपटांची मोहिनी मला वाटतं इथे आहे. एरवी ‘खुनी कोण?’ हा प्रश्न संपूर्ण शहराला विचारावा लागतो. इथे मृत्युपत्राचं वाचन झालं की संशयितांची यादी पुरी होते, प्रत्येकाचा हेतू कळतो, आणि तो हेतू अपूर्णांकात मोजता येतो.

हे गणित सर्वांत देखणं मांडलं ते जपानमध्ये. सेइशी योकोमिझो याची कादंबरी १९५० पासून मासिकात क्रमशः आली आणि १९७६ साली कोन इचिकावाने तिच्यावर ‘इनुगामी घराणं’ हा चित्रपट काढला. काळ १९४७चा. साहेई इनुगामी हा उद्योगपती मरतो. लग्न न करता ठेवलेल्या तीन स्त्रियांपासून त्याला तीन मुली, आणि प्रत्येकीला एकेक मुलगा. मुलींच्या नावे काही नाही. सर्व काही तामायो या मुलीला. सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे ती त्याच्या रक्ताची नाही. निराधार असताना ज्या पुजाऱ्याने त्याला आसरा दिला, त्याची ती नात. तिने तीन नातवांपैकी एकाशी लग्न करायचं, ही अट. तिने हक्क गमावला किंवा ती मरण पावली तर इस्टेटीचे पाच भाग होतील. तिघा नातवांना एकेक, आणि उरलेले दोन शिझुमा आओनुमा नावाच्या माणसाला. हा शिझुमा कुठे आहे, जिवंत तरी आहे का, कुणालाच ठाऊक नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. तामायोने आपल्या मुलाला निवडलं तर सगळं घरात येणार, म्हणून प्रत्येक आईला तामायो जिवंत हवी आणि बाकीचे दोघे भाचे दूर व्हायला हवेत. पण ती आपल्या मुलाला निवडणार नाही अशी जिची खात्री पटली, तिच्यासाठी हिशेब उलटा फिरतो, कारण शून्यापेक्षा एक पंचमांश केव्हाही बरा. म्हणजे तामायोने कुणाकडे नुसतं हसून पाहिलं तरी घरातल्या सगळ्यांचे हेतू जागा बदलतात! त्यात थोरला नातू सुकेकियो युद्धावरून परततो तो चेहरा उद्ध्वस्त होऊन, पांढरा रबरी मुखवटा घालून. हा खरंच तोच कशावरून? मावश्या मागणी करतात, युद्धावर जाण्यापूर्वी देवळात वाहिलेल्या त्याच्या पंजाच्या ठशाशी आताचा ठसा ताडून पाहा.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. दोन्ही चित्रपटांत पहिला बळी वकिलाच्या बाजूचा आहे. क्रॉस्बी दुसऱ्या वारसाचं नाव सांगणार एवढ्यात गायब होतो. इनुगामी प्रकरणात वकिलाच्या कचेरीतला वाकाबायाशी गुप्तहेर किंदाइचीला बोलावून घेतो आणि त्याची भेट होण्याआधीच विषाने मरतो. दोन्हीकडे कागद वेळेआधी कुणीतरी वाचलेला असतो. जाहीर वाचनाच्या वेळी सगळे सारखेच चकित दिसतात, पण एकाचं चकित होणं खोटं असतं.

जपानी वाचकांना ही गोष्ट इतकी भिडायला काळही कारण होता. १८९८च्या दिवाणी संहितेप्रमाणे घराण्याचं कर्तेपण आणि त्याबरोबरची मालमत्ता साधारणपणे थोरल्या मुलाकडे जाई. युद्धानंतर ही व्यवस्था मोडली आणि १९४८पासून नवी संहिता लागू झाली. थोरलेपणाचा अर्थ काय उरला, हा प्रश्न तेव्हा घरोघरी ताजा होता.

पण या सगळ्याच्या मुळाशी कायद्याचा एक प्रश्न आहे. खुनी वारस असू शकतो का? १८८२ साली न्यूयॉर्क राज्यात एल्मर पामर या सोळा वर्षांच्या मुलाने आजोबांना विष घातलं. मृत्युपत्रात त्याचं नाव होतं आणि ते बदललं जाईल अशी त्याला भीती होती. खुन्याला काही मिळू नये असं त्या वेळच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी १८८९ साली न्यायालयाने निकाल दिला, स्वतःच्या गुन्ह्यातून कुणी लाभ उठवू शकत नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या एका दाव्यात १९२४ साली हेच तत्त्व मान्य झालं. पुढे ते १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आलं.

त्यातलं २५वं कलम तर रहस्यपट पाहून लिहिलं असावं असं वाटतं. ज्याचा खून केला त्याची मालमत्ता खुन्याला मिळत नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. जी मालमत्ता मिळवण्यासाठी खून केला, तीही मिळत नाही. म्हणजे रांगेत आपल्या पुढे उभा असलेला भाऊ दूर करून वडिलांची इस्टेट घेऊ पाहणाराही सापडला. आणि २७वं कलम म्हणतं, अशा अपात्र माणसाचा मृत्यू मालमत्ताधारकाच्या आधीच झाला होता असं समजून वाटणी करायची. स्वतःच्या बळीच्या आधी मेलेला खुनी! वारसांच्या रांगेतून त्याचं नाव पुसलं जातं आणि मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात.

त्यामुळे या चित्रपटांत गुप्तहेर शेवटी बोट दाखवतो तेव्हा तो गुन्हा उकलत असतोच, शिवाय वाटणीही करत असतो. ‘खुनी कोण’ आणि ‘मिळणार कुणाला’ हे दोन्ही प्रश्न एकाच उत्तराने सुटतात. २०१९च्या ‘नाइव्ह्ज आउट’मध्ये रायन जॉन्सनने हेच उघड्यावर आणलं. म्हाताऱ्या लेखकाची सगळी इस्टेट त्याच्या परिचारिकेला जाते आणि घरच्यांना लगेच आठवतो तो हाच नियम. तिच्या हातून मृत्यू झाला असं ठरलं तर तिचा हक्क जाणार.

इचिकावाने ‘इनुगामी’ पुन्हा काढला तो २००६ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, किंदाइचीच्या भूमिकेत पुन्हा कोजी इशिझाकालाच घेऊन. खुनी कोण हे तोवर कितीतरी प्रेक्षकांना माहीत होतं. माहीत असताना पाहायची खरी जागा म्हणजे मृत्युपत्राच्या वाचनाचा प्रसंग. पहिल्या वेळी आपण वकिलाचे शब्द ऐकत असतो. दुसऱ्या वेळी शब्द सोडून द्या आणि प्रत्येक कलम संपताच कोण कुणाकडे पाहतं, तेवढंच पाहा.