कूलरची मोटर : निगा, बदल आणि सावधगिरी

वाचकहो, होळी झाली की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलल्या जातात, टाकी घासली जाते, पत्र्याला रंगाचा एखादा हातही मिळतो. पण ज्या मोटरीच्या जिवावर हा सारा कारभार चालतो, तिच्याकडे मात्र ती बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. मोटर बिघडली तर फार तर पंखा थांबेल, असे आपण धरून चालतो. ते पुरते खरे नाही. मोटर थांबली तर घर तापते, पण मोटरीतली वीज कूलरच्या पत्र्यात उतरली तर घरातले माणूस दगावते. म्हणून ही मोटर नीट समजून घेऊ या.

कूलर हवा गार करतो तो पाण्याच्या वाफेमुळे. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते. तेच पाणी चुलीवर २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून ही अधिक आहे. ही उष्णता ओल्या ताटीतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते आणि हवा निवते. मात्र हवा कोरडी हवी आणि ती सतत खेचली जायला हवी. खेचण्याचे काम पंख्याच्या मोटरीचे. म्हणूनच खोलीची एक खिडकीही उघडी ठेवावी. आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर चांगली मोटरही काय करणार?

आता मोटरीच्या आत पाहू. तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. या तारेवर वार्निशासारखा पातळ थर असतो. वीज तारेतच राहावी, लोखंडात जाऊ नये, ही राखण तो थर करतो. घरातली वीज एकफेजी. ती एकटी मोटरीला फिरवू शकत नाही. जात्याचा खुंटा नुसता पुढे-मागे हलवला तर जाते फिरते का? त्याला बाजूचीही ओढ लागते, आणि तीही नेमक्या वेळी. ही बाजूची ओढ दुसरे वेटोळे देते आणि वेळ साधण्याचे काम कॅपॅसिटर करतो. आपले वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात.

एवढे ध्यानात आले की दुखणे ओळखणे सोपे जाते. बटण दाबले, मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, असे झाले तर ताबडतोब बटण बंद करा. अडून बसलेली मोटर जास्त वीज ओढते आणि जळते. काडीने किंवा बोटाने पाते ढकलून पंखा सुरू करण्याची सवय तर अगदी सोडा. तिने बोटे जातात. प्लग काढून मग हाताने पाते फिरवून पाहा. सहज फिरत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. जड फिरत असेल किंवा अडकत असेल, तर बुश सुकले आहेत किंवा बेअरिंग खराब झाले आहे. आणि पाते हलके फिरते, पण चालू केल्यावर आवाजच येत नाही, तर वीज मोटरीपर्यंत पोचत नाही किंवा वेटोळे तुटले आहे.

कंडेन्सर बदलताना जुन्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा आणि व्होल्टचा आकडा कमी नसावा. मोठा कंडेन्सर लावला की पंखा जोरात फिरेल, ही समजूत चुकीची आहे. त्याने मोटर तापते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. म्हणून त्याच्या टोकांना उघडा हात लावू नका, हे काम जाणत्या वायरमनकडे द्या.

मोटरीची निगा म्हणजे फार मोठे काम नाही. कूलर आठ महिने पडून असतो. त्यात धूळ साचते, पावसाळ्याची ओल मुरते. हंगामाच्या सुरुवातीला, प्लग काढलेला असताना, मोटरीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा आणि मोटर एक-दोन दिवस चांगल्या उन्हात सुकू द्या. बुश असलेल्या मोटरीला दोन्ही टोकांशी मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब पुरतात. खाण्याचे तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरते. बंद बेअरिंगला तेलाची गरजच नसते. ताट्यांवर क्षार चढून त्या दगडासारख्या झाल्या असतील तर बदला. वाहती हवा मोटरीलाही थंड ठेवते, वाट बंद झाली की ती आतल्या आत भाजते.

मोटर जळलीच, तर ती भरून आणता येते किंवा नवी घेता येते. नवी घेताना जुनी मोटर सोबत न्या. दांड्याची जाडी, बसवण्याच्या भोकांतले अंतर, फिरण्याची दिशा आणि मिनिटाचे फेरे जुळले पाहिजेत. साधारण १४०० फेऱ्यांची आणि ९०० फेऱ्यांची अशा दोन जाती बाजारात मिळतात. ९०० च्या मोटरीसाठी बनवलेले मोठे पाते १४०० च्या मोटरीवर चढवले तर ती ओझ्याने जळते. वायरी सोडण्यापूर्वी कोणता रंग कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. पाते बसवल्यावर त्याचा स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर घट्ट आवळा आणि पाते जाळीला घासत नाही ना ते हाताने फिरवून पाहा. नवी किंवा भरून आणलेली मोटर चालू करण्यापूर्वी वायरमनकडून मेगरने तपासून घ्या. वेटोळे आणि लोखंड यांच्यामधला रोध निदान एक मेगोहम असावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तारेवरचा तो पातळ थर ओलीने, उष्णतेने खराब झाला की २३० व्होल्टची वीज पत्र्यात येते. खाली ओली जमीन, अनवाणी मूल, हात पत्र्यावर. आणखी काय हवे? अशा वेळी फ्यूज उडेल या भरवशावर राहू नका. फ्यूज पाच अँपिअरचा असेल, तर माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकी वीजही पुरते.

म्हणून तीन गोष्टी हव्यात. पहिली, तीन पिनांचा प्लग आणि तीन तारांची वायर. वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. हिरवी तार तिच्यापासून कूलरच्या पत्र्यापर्यंत पोचलेली असावी. ही पिन काढून टाकणे म्हणजे विहिरीचा कठडा काढून टाकणे. काही ठिकाणी अर्थिंगच्या जागी न्यूट्रलची तार जोडतात. तसे कधीही करू देऊ नका. वाटेत न्यूट्रल तुटली तर सारा कूलर जिवंत तारेसारखा होतो. दुसरी, जमिनीतले अर्थिंग. माती वाळली की तिच्यातून वीज नीट वाहत नाही आणि कूलरच्या दिवसांतच माती सर्वांत कोरडी असते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. तिसरी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एवढी वीज गळू लागताच तो क्षणात प्रवाह तोडतो. त्यावरचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

पाणी भरायचे ते प्लग काढूनच. कूलरला झिणझिण्या येतात, असे घरात कोणी म्हणाले तर ती चेष्टा समजू नका. त्या क्षणापासून कूलर बंद ठेवा. कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबणे चालू ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा शाळेत उन्हाळी सुटीच्या आधी होऊन जाऊ द्या. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोहोंना वारा घाला. कूलर कसा चालतो ते मुलांना पाच मिनिटांत दिसेल. मग फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढा आणि मुलांना घरी एकच काम सांगा. आपल्या कूलरच्या प्लगला किती पिना आहेत, ते स्वतः हात न लावता मोठ्यांना विचारून या. दोनच पिना असल्याचे जे मूल सांगेल, त्याच्या घरी निरोप त्याच दिवशी गेला पाहिजे.