दोन भागांची कादंबरी आणि वाचकांचा कौल

परस्परांहून अगदी वेगळ्या अशा दोन भागांत सांगितलेल्या कादंबरीविषयी वाचकांचे मत बहुधा एकाच वळणाने जाते: एक भाग मनाला भिडला, दुसरा तितका जमला नाही. लॉरेन ग्रॉफ या अमेरिकी लेखिकेच्या ‘फेट्स अँड फ्युरीज’ (२०१५) या कादंबरीत एकाच संसाराची हकिगत आधी नवऱ्याच्या आणि मग बायकोच्या बाजूने येते. पहिल्या भागातल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ दुसरा भाग फिरवून टाकत असल्यामुळे, मध्येच पुस्तक मिटणारा वाचक आणि शेवटपर्यंत जाणारा वाचक यांची मते जुळणे कठीणच असते. मात्र अशा कौलात लेखनाच्या गुणदोषांचा वाटा किती आणि भागांच्या क्रमाचा किती, हे एरवी ताडून पाहता येत नाही. ते ताडून पाहण्याची सोय स्कॉटिश लेखिका अली स्मिथ यांनी २०१४ साली ‘हाउ टु बी बोथ’ या कादंबरीत करून ठेवली.

या कादंबरीच्या दोन्ही भागांना ‘एक’ हाच क्रमांक आहे. फरक इतकाच, की एकाच्या आरंभी कॅमेऱ्याचे चिन्ह आहे, तर दुसऱ्याच्या आरंभी देठावर फुलाप्रमाणे उमललेले दोन डोळे. छापलेल्या प्रतींपैकी अर्ध्या एका क्रमाने आणि अर्ध्या उलट क्रमाने बांधल्या गेल्या, त्यामुळे वाचकाच्या हाती कोणता क्रम येईल हे योगायोगावर राहिले.

कॅमेऱ्याचा भाग आजच्या केंब्रिजमधला आहे. जॉर्ज ही सोळा वर्षांची मुलगी, आई अचानक गेल्यानंतरचे दिवस काढत आहे; ती व्याकरणाच्या चुका काढणारी, हट्टी आणि आतून मोडलेली आहे. आईने हयात असताना तिला इटलीतल्या फेर्रारा शहरी नेऊन स्किफानोया महालातली भित्तिचित्रे दाखवलेली असतात. डोळ्यांचा भाग त्याच चित्रांच्या कर्त्याचा, म्हणजे पंधराव्या शतकातल्या फ्रान्चेस्को देल कोस्सा याचा. हा चित्रकार खरोखर होऊन गेला. १४७० साली त्याने बोर्सो देस्ते या फेर्राराच्या अधिपतीला पत्र लिहून, आपल्याला सामान्य उमेदवारांच्याच दराने मोबदला मिळतो अशी तक्रार केली होती, आणि ते पत्र एकोणिसाव्या शतकात उजेडात आले म्हणूनच त्या महालातल्या चित्रांचा एक भाग त्याच्या नावावर लागला. स्मिथ यांनी या तुटपुंज्या माहितीवरून पुरुषवेशात आयुष्य काढणारी एक स्त्री उभी केली, आणि तिचा आत्मा आजच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत, आपल्याच चित्रासमोर उभ्या असलेल्या जॉर्जच्या पाठीमागे आणून सोडला.

ज्याच्या प्रतीत चित्रकार आधी येतो, त्या वाचकाला सुरुवातीची पाने बिकट वाटतात, कारण तिथे वाक्ये कवितेसारखी तुटत तुटत पानभर खाली घरंगळतात आणि बोलणारा कोण हेच बराच वेळ उमगत नाही; जो वाचक या पानांवर थांबतो तो पुस्तक दुर्बोध ठरवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते. जो ही पाने ओलांडतो त्याला जॉर्जचा भाग मोकळ्या हवेसारखा भासतो. जॉर्ज आधी भेटलेल्या वाचकाचा अनुभव निराळा असतो: त्या भागात जॉर्ज आणि तिची मैत्रीण शाळेच्या एका उपक्रमासाठी याच चित्रकाराविषयी कल्पना लढवत असतात, त्यामुळे पुढचा सगळा भाग या दोघींनीच रचलेला असावा, ही शंका त्याच्या मनातून जात नाही. चित्रकार आधी वाचणाऱ्याला मात्र तो आत्मा कादंबरीतल्या जगापुरता खराच वाटतो. शब्द तेच राहूनही एका वाचकाला भुताची गोष्ट मिळते आणि दुसऱ्याला आईवाचून पोरक्या झालेल्या मुलीने मनातल्या मनात घडवलेली सोबत. त्यामुळे कोणता भाग सरस या वादात, आधी काय वाचले ते न सांगता दिलेले मत अपुरे ठरते.

स्मिथ यांची ही मांडणी चमत्कृतीसाठी केलेली नाही. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेले भित्तिचित्र. त्याच्या खाली कलावंताचे पहिले रेखाटन दडलेले असते आणि कधी कधी ते वरच्या चित्राहून वेगळे निघते. आधी काढले गेलेले चित्र पाहणाऱ्याला मागाहून दिसते, तेव्हा पहिले कोणते म्हणायचे, हा प्रश्न कादंबरीत जॉर्जची आईच तिच्यापुढे ठेवते.

मराठीत या दृष्टीने सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ पुन्हा वाचण्याजोगी आहे. जेरी पिंटो यांच्या २०१३ सालच्या इंग्रजी अनुवादामुळे ती मराठीबाहेरही पोचली. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणावर तनय आणि अनुजा या भावाबहिणींचे प्रेम जडते आणि तो निघून जातो. तनयचा भाग त्या गेलेल्या माणसाला उद्देशून, आठवणींच्या मागेपुढे हेलकावे घेत जातो, तर अनुजाचा भाग दैनंदिनीच्या सरळ नोंदींचा आहे. इथे क्रम ठरलेला आहे. तनयच्या व्याकूळ बोलण्यानंतर अनुजाच्या नोंदी कोरड्या वाटणे स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावरून त्यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल, कारण अनुजा त्या माणसाबरोबर घर सोडून गेलेली आणि एकटी परतलेली आहे. त्याला हाका मारत बसणे तिला परवडणारे नाही. त्याच घरात, त्याच माणसांसमोर तिला रोजचा दिवस नव्याने उभा करायचा आहे, आणि तिच्या छोट्या वाक्यांमध्ये तेच काम चाललेले असते.