घर आपलं, जमीन कुणाची?

नागरिकत्वाचा अभ्यास म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखं जोडलेलं नागरिकशास्त्र आठवतं. पण हा विषय कायदा, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा अनेक वाटांनी अभ्यासला जातो. नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्क ही टी. एच. मार्शल यांची मांडणी १९४९ च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांतली. ती रायगडातल्या कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्त्यांत नेली की तिचा कस लागतो. नागरिकत्वाबद्दलचे काही समज तिथे तपासून पाहू.

‘आधार आहे, म्हणजे नागरिकत्व सिद्ध झालं.’ नाही. आधार कायद्याचं कलम ९ च सांगतं की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे.

‘सहा महिने वीटभट्टीवर, मग इथलं मत कसलं?’ हेही चूक. तात्पुरतं बाहेर गेल्याने मूळ गावचा रहिवास संपत नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. पण उचल, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, फिटायच्या आत भट्टी सोडून मतदानाला येणार कोण, याचं उत्तर कायद्यात नाही.

सर्वांत चिवट समज घराचा. ‘पिढ्यान्‌पिढ्या राहतो, घरपट्टी भरतो, म्हणजे जागा आपलीच.’ घरपट्टीची पावती हा जमिनीच्या मालकीचा पुरावा नसतो. मालकाच्या शेतावर राबणाऱ्या कातकऱ्यांनी त्याच्याच जमिनीच्या कडेला घरं बांधली. सातबाऱ्यावर नाव मालकाचंच राहिलं. जमिनीला मुंबईचा भाव आला, तसं वाडीभोवती तारेचं कुंपण पडू लागलं. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर या अभ्यासकांनी रायगडातल्या कातकऱ्यांसोबत याच प्रश्नावर काम केलं. त्यांचं ‘फायटिंग एव्हिक्शन’ हे पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. वाडीतल्या माणसांना नुसती माहिती पुरवणारे न मानता अभ्यासात भागीदार करून घेणं, हे मला त्याचं खरं मोल वाटतं. उपाय कायद्यात आहे: जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवू शकतात, म्हणजे वाडी गावठाणात घेता येते. पण जमीन खाजगी असेल, तर ती आधी मिळवावी लागते आणि घोडं तिथेच अडतं.

कातकरी हा केंद्राच्या यादीतला विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे. त्या यादीत असूनही अंगणावर हक्क सांगता येत नसेल, तर मार्शलचे सामाजिक हक्क कागदावरच राहिले म्हणायचे.

या भागात फार्महाऊससाठी जमीन बघत असाल, तर सातबारा तपासाच. पण शिवारात वाडी आहे का, हे पायी फिरूनही पाहा.